शीतलचा सत्कार

शीतल आमच्या घरी आली की खुर्चीवर बसत नसे. उजवा गुडघा फरशीवर, डावं पाऊल पुढे, आणि तशीच चहा प्यायची. कनू नावाच्या अरुंद होडीत असंच बसून एका बाजूने वल्हं मारतात. तिचा उजवा खांदा इतका भरला होता की शिंपी कुर्त्याची ती बाही सैल शिवत असे.

नातवंडांनो, येलदरी धरणावर मासे धरणाऱ्या घरातली ही मुलगी जिंतूरला माझ्या वर्गात होती. शाळा सुटल्यावरही तिचे इंग्रजी अर्ज मी लिहून देई, म्हणून येणंजाणं राहिलं. राज्याची पदकं झाली, मग देशपातळीवरचं एक. पेपरात फोटो आला तेव्हा मी म्हटलं, "आता सगळे ओळखतात तुला."

"पाणी वळखत न्हाई ना, बाई. त्याला रोज वल्हंच दाखवावं लागतंय."

हंगेरीच्या एका नामवंत खेळाडूच्या शर्यती ती मोबाइलवर पुन्हापुन्हा बघे. "बघा कसा सुटायलाय! लय भारी." त्याच्याच देशात तेवीस वर्षांखालच्या तरुणींची स्पर्धा होती. भोपाळच्या चाचणीत पहिल्या दोघींत आली की ती जाणार होती. वयाने त्या गटात बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष.

भोपाळला निघायच्या दिवशीच धरणाजवळच्या तिच्या गावाने तिचा सत्कार ठेवला. कार्यक्रम मी आखला: नऊला सुरुवात, साडेदहाला आभार. परभणीहून गाडी दीडची, तिथवर जीपने दीड तास. वेळ भरपूर होता.

अकरा वाजले तरी प्रमुख पाहुणे आले नव्हते. शीतल माझ्या कानाशी लागली, "बाई, निघू का? बाबा जीप घेऊन थांबलेत."

मी तिचं मनगट धरलं. "बस गं. जिचा सत्कार तीच उठून गेली तर कसं दिसेल?"

पाऊण तासाने तिचे वडील मंचापाशी येऊन खुणा करू लागले. सरपंच माइकवरूनच म्हणाले, "थांबा हो मामा! गाडी काय पळून जायलीय का?" सगळा मांडव हसला. मीही हसले.

पाहुणे सव्वाबाराला आले, चाळीस मिनिटं बोलले आणि दोनदा तिला जलतरणपटू म्हणाले.

गाडी गेली. दुसऱ्या गाडीने ती पोचली तेव्हा चाचणी संपली होती. पुन्हा कोणी घेतली नाही.

परत आल्यावर तिने मला एकच विचारलं, "बाई, त्या हंगेरीवाल्याला त्याच्या गावात असं कुनी बसवून घेत नसंल का?"

"पुढच्या वर्षी बघू," मी म्हणाले. पुढचं वर्ष नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

आता ती धरणावर वडिलांबरोबर मासे विकते. मी एकदा मुद्दाम गेले. तिने चांगले मासे निवडले, साफ करून दिले आणि म्हणाली, "आनखी काय देऊ, मावशी?" जी बाई समोर येते, तिला ती मावशी म्हणते.

माझ्या पंचाहत्तरीला शाळा सत्कार करणार आहे, तुम्ही सगळे व्हिडिओवर दिसणार आहात, असं तुमची आई म्हणाली. मी शाळेला नकार कळवला आहे. त्यांना प्रकृतीचं कारण दिलं. खरं कारण तेवढं तुम्हाला लिहिलं.