शकीलाआपाच्या सिनेमातले नातेवाईक

हडपसरच्या गाडीतळामागे 'रियाज व्हिडिओ' नावाचं दुकान होतं. पाटीवर नाव नवऱ्याचं, पण रियाज दिवसभर रिक्षावर आणि दुकानात राज्य शकीलाआपाचं. 'दुपारी एक ते चार दुकान बंद' असं तिनं ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं. चार पिढ्या पुण्यात काढलेल्या घरातल्या बाईला ते शोभतही होतं. कुणी दीड वाजता सीडी मागायला आलाच, तर ती पाटीकडे बोट दाखवून विचारायची, "शाळेत गेला होतात ना?"

रविवारी मात्र याच वेळेत शटर अर्धं खाली असायचं आणि आत सतरंजीवर पंधरा-वीस माणसं मांडी घालून बसलेली असायची. बहुतेक आसपासच्या कारखान्यांतले कामगार. लातूरकडचा उत्तरेश्वर त्यांचा म्होरक्या. बायकांत इंदुबाई, मूळच्या हडपसर गावातल्या, वयानं सगळ्यांत मोठ्या. या मंडळींना आपा सिनेमा दाखवायची आणि वर चहा पाजायची.

सिनेमे इंग्रजी, आणि तेही एकाच जातीचे. जग बुडतंय. कुठं रोगाची साथ, कुठं डोंगराएवढ्या लाटा, कुठं आकाशातून धोंडा. शहरं ओस पडतात, दिवे जातात, आणि उरलेली पाच-सहा माणसं एखाद्या दुकानात नाहीतर शाळेत कोंडून घेतात. हिंदी सिनेमे घरोघरी केबलवर दिसत होतेच. जग बुडायचे सिनेमे मात्र केबलवाल्याकडे फारसे नसत, म्हणून आपानं ते धरले होते.

आता अडचण एवढीच, की इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. आपालाही नाही. ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. पण शनिवारी ती एकटीनं सीडी बघून ठेवायची आणि रविवारी टीव्हीचा आवाज बारीक करून, शेजारी उभी राहून गोष्ट सांगायची. काय सांगायची! माणसं टीव्हीपेक्षा तिच्याकडेच जास्त बघत. आठवडाभर भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत कुणीही थांबून विचारायचं, "आपा, पुढं काय झालं?" तिच्या साऱ्या आयुष्यात तिच्या शब्दाला एवढा मान दुसऱ्या कुठं मिळाला नव्हता, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

गोष्ट लावायचा तिचा एक नियम होता. माणसं एका छताखाली राहतात, एका डब्यातलं खातात, संकटात एकमेकांना सोडत नाहीत, म्हणजे ती नात्यातली. मग तिचं काम फक्त कोण कुणाचं कोण लागतं ते ओळखायचं. जाडा दिसला की मामा. घुम्या असला की जावई. अकरा माणसांच्या घरात वाढलेल्या बाईला यात शंका येण्यासारखं काही वाटलंच नाही.

त्या रविवारी साथीचा सिनेमा चालू होता. सिनेमाच्या दोन सीड्या, म्हणून एक या रविवारी आणि एक पुढच्या. सहा जण शाळेत अडकलेले. त्यांत बंदूकवाला टकला आणि लाल स्वेटरवाली, कडेवर पोर घेतलेली बाई. दोघं एकमेकांशी नीट बोलत नव्हते. आपानं सांगून टाकलं, हे सख्खे बहीणभाऊ, आणि वडिलांच्या जमिनीवरून दोघांत अबोला आहे.

ते साल दोन हजार एक. हडपसरच्या शेतांवर आयटी पार्क उठत होते आणि घराघरांत वाटण्यांवरून तोंडं फिरली होती. सतरंजीवर एकदम जीव आला. "किती गुंठं हाय?" इंदुबाईंनी विचारलं.

"रस्त्याला लागून आहे," आपा म्हणाली. त्यावर सगळे गंभीर झाले.

तेवढ्यात दारात कुणीतरी हसलं. तेजस, यवतमाळचा पोरगा, नुकताच इथल्या एका कंपनीत इंजिनिअर म्हणून लागलेला. सीडी परत करायला आला होता आणि अर्ध्या शटरखालून वाकून आत बघत होता. "सॉरी आपा, पण ते बहीणभाऊ नाहीत. ते एकमेकांना ओळखतच नाहीत. स्ट्रेंजर्स आहेत, कालच भेटलेत."

"आन जमीन?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"जमीनबिमीन काही नाही."

"म्हंजी मघापासनं आमी उगाच तिच्या वाटणीची काळजी करतोय," इंदुबाई म्हणाल्या.

कुणी आपाला दोष दिला नाही. पण उठताना उत्तरेश्वर तेजसला म्हणाला, "साहेब, पुढल्या रविवारी तुमीच सांगा की." पोरानं संकोचून मान हलवली. आपानं कप गोळा केले.

तो आठवडा वाईट गेला. गिऱ्हाइकांवर खेकसून झालं, रियाजवर खेकसून झालं. मनातून तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. आजवर सांगितलेलं सगळंच खोटं होतं, असं ही माणसं म्हणाली, तर आपण उरलो फक्त सीड्या देणारी बाई. शनिवारी तिनं दुसरी सीडी हातातसुद्धा घेतली नाही.

रविवारी सतरंजी भरली. तेजस टीव्हीशेजारी उभा राहिला आणि आपा मागं स्टोव्हपाशी बसली. पोरगा प्रामाणिक, पण त्याला सांगता येत नव्हतं. "आता तो म्हणतोय की कम्युनिकेशन बंद झालंय. आता ती म्हणतेय की ओके."

"तो म्हंजी कोण?" इंदुबाई.

"आहे एक माणूस."

दहा मिनिटांत सतरंजीवरचे दोघं पेंगले. इंदुबाईंनी पिशवीतून मटार काढून सोलायला घेतले. शेवटी तेजसच कपाळ पुसत मागं आला. "आपा, मला नाही जमत हे. ते काय बोलतात ते मी तुमच्या कानात सांगतो. सांगायचं तुम्हीच."

तिनं थोडे आढेवेढे घेतले, अगदी जेवढे घेणं योग्य तेवढे. मग पदर सावरून तिथूनच, सगळ्यांच्या मागून, सांगायला उभी राहिली.

लाल स्वेटरवालीचं पोर तापानं फणफणलं होतं. बाई एकटी औषध आणायला बाहेर पडली होती, आणि आता परत येऊन दार बडवत होती. आतले उघडायला तयार नव्हते. ती बाहेरून रोग घेऊन आली असेल तर सगळेच जाणार. टकला दाराला पाठ लावून उभा होता. इंदुबाईंच्या हातातले मटार थांबले. बहीणभाऊ असते तर किती सोपं झालं असतं, आपाला वाटलं. तो एक शब्द घातला की सतरंजी पुन्हा तिची. 'भाऊ' अगदी ओठांवर आला होता. तेजस तिच्याकडे बघत होता, आणि तो अडवणार नाही हेही तिला कळत होतं.

"हा तिचा कुणी लागत नाही," ती म्हणाली. "भाऊ नाही, दीर नाही, गाववाला नाही. मागच्या रविवारी मी सांगितलं ते चूक होतं. याला तिचं आडनावसुद्धा माहीत नाही. दार उघडलं तर हा मरेल."

टकल्यानं बंदूक खाली ठेवली, मागं वळला आणि कडी काढली.



"कुनी लागत नसताना उघडलं?" इंदुबाईंनी विचारलं.

"कुणी लागत नसताना."

"मंग हे लई मोठं झालं, शकीला. भाऊ असता तर उघडलंच असतं, त्यात काय."

पुढं बसलेला उत्तरेश्वर मान न वळवता म्हणाला, "मला कावीळ झालती त्या साली. खोलीतली पोरं भिऊन गावी पळाली. दोन म्हैने तुमी डबा आणून देत होता, आपा. तुमी तरी माझ्या कोण लागत होता?"

अशा वेळी शकीलाआपाकडे खोचक उत्तर तयार असतंच. पण या वेळी ती चहाची किटली घेऊन पुढं गेली आणि आधी त्याचा कप भरला. तेजस मागून पुढचं वाक्य सांगत होता, ते तिला ऐकू येईना. सिनेमा तसाच पुढं चालला, इंग्रजीत, आणि सतरंजीवरच्या एकानंही काय चाललंय म्हणून विचारलं नाही.