कार्डावरचे पैसे आणि आबांचं खातं

धुळ्याची एस.टी. दोंडाईच्याच्या स्टँडवरून निघाली तेव्हा आई रडत होती आणि आबा कंडक्टरशी भांडत होते. माझ्या सामानात सुक्या मिरचीचं पोतं होतं आणि कंडक्टर म्हणत होता, त्याचं वेगळं तिकीट लागेल. "मिरचीले तिकीट लागस का रे भो?" आबांचा आवाज सगळ्या स्टँडभर. शेवटी पोतं टपावर चढलं, आबा खिडकीशी आले आणि म्हणाले, "नोकरी कर, नाव काढ. पन घर पैसा धाडू नको व माय. आंडेरना पैसा आपले चालत नही." आंडेर म्हणजे आमच्या अहिराणीत लेक. धुळ्याला गाडी बदलून मी पुण्याला गेले, ती पुण्याचीच झाले. नोकरी तिथे, पुढे लग्न तिथे, संसार तिथे.

तुम्ही जे गावात राहिलात, आणि जे माझ्यासारखे पुण्या-सुरतेला पांगलात, तुम्हाला हा नियम काय सांगायचा? लेकीला द्यायचं, लेकीचं घ्यायचं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की आई पिशव्या भरभरून द्यायची आणि मी कधी डब्याखाली नोटा ठेवून निघाले, तर आबा स्टँडवर गाठून त्या माझ्या हातात कोंबायचे. वर चारचौघांत रागवायचे, ते वेगळंच. मला भारी संताप यायचा. कमावती होते, आणि माझीच कमाई माझ्या घराला विटाळ झाल्यासारखी.

पुण्यात मी एका कंपनीत हिशेब बघायची. नव्वदीच्या मध्यावर एक टायवाला माणूस ऑफिसात आला आणि आम्हा सगळ्यांना क्रेडिट कार्डाचं महत्त्व पटवून गेला. मीही सही ठोकली. कार्ड आलं, चकचकीत, त्यावर माझं नाव उठावदार अक्षरांत. पण वापरायचं कुठे? भाजीवाली घेईना, दूधवाला घेईना. ते आपलं कपाटात साड्यांखाली पडून होतं. नवरा चिडवायचा, "कार्डाला एकदा ऊन तरी दाखव."

आता आबांच्या धंद्याचं सांगते. दिवाळीनंतर ते ओली लाल मिरची विकत घ्यायचे आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानात वाळत घालायचे. त्या जागेला पथारी म्हणतात. बायका बसून देठ खुडायच्या, वाळलेला माल इंदूरला जायचा. खरेदीला पैसा लागायचा तो बँकेच्या ओव्हरड्राफ्टचा. म्हणजे खात्यात नसलेले पैसेही ठरलेल्या मर्यादेपर्यंत काढता यायचे. अट एकच, मार्चअखेर काढलेलं सगळं भरून खातं एकदा निल करून दाखवायचं. मग पुढच्या वर्षाची मर्यादा मिळायची. आबांनी ती अट कधी चुकवली नव्हती.

त्या वर्षी इंदूरच्या व्यापाऱ्याने पेमेंट एप्रिलवर ढकललं. आबांनी बाकीची येणी गोळा केली, तरी खड्डा बुजेना. बँकेत नवीन मॅनेजर आलेले. माणूस भला, पण म्हणाले, "नियम म्हणजे नियम, आबा." खातं निल झालं नाही तर मर्यादा बंद, मर्यादा बंद तर खरेदी बंद, आणि पथारीवर कुत्री लोळणार. उभा जन्म स्वतःच्या पथारीवर मालक म्हणून बसलेला माणूस, या वयात कुणाच्या तरी दुकानात मुनीम म्हणून बसणार.

हे सगळं आईने एस.टी.डी. बूथवरून सांगितलं, आबांच्या चोरून. "आबा नुसता ताटवर बसतस, जेवतस नही," म्हणाली. मी आबांच्या घराशेजारच्या दुकानात फोन लावून त्यांना बोलावलं आणि म्हटलं, माझ्याकडची शिल्लक देते. आबांनी वाक्य पुरं होऊ न देता फोन ठेवला. मी पण मिरचीवाल्याचीच लेक. दिवसभर घरात भांडी आपटत होते, आणि संध्याकाळी साडी काढायला कपाट उघडलं तेव्हा ते कार्ड हाताला लागलं. म्हटलं, लेकीचा पैसा चालत नाही ना? मग हा कुठे लेकीचा आहे?

दुसऱ्या दिवशी कार्डाच्या बँकेत गेले. काउंटरवरचा म्हणाला, "मॅडम, रोख काढलीत तर पहिल्या दिवसापासून व्याज लागेल, बरं का." म्हटलं, लागू दे. पैसे चादरीत गुंडाळले, चादर मांडीवर घेतली आणि धुळ्यापर्यंत डोळा मिटला नाही.

आबा पथारीवर होते. माल उचललेला, जमीन अजून लाल. मी त्यांच्याशेजारी पोत्यावर बसले आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. "आबा, हाऊ पैसा मना नही. पुनानी बँकना शे. तुम्ही इथली बँकना लेतस, तसाच."

आबांनी कार्ड उलटंसुलटं केलं. "नाव ते तुनंच शे."

"नाव मनं, पैसा बँकना."

"व्याज कितलं?"

मी सांगितलं. आबांनी डोळे विस्फारले. "हाऊ ते सावकारना बी बाप शे!" पण त्या व्याजानेच ते विरघळले, हे मी बघत होते. फुकटचं नव्हतं ना. कर्ज होतं, रीतसर, आणि व्याजाचा आकडा ऐकल्यावर त्यात उपकार उरलाच नव्हता. कार्ड माझ्या हातात परत देत म्हणाले, "बँकना बँकले देसूत. चाल, जमी जाई." इंदूरचे पैसे एप्रिलात आले आणि आबांनी व्याजासकट सगळं फेडलं, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला घोर लागेल.

तिथून आम्ही सरळ बँकेत गेलो. मार्चअखेरची गर्दी, अर्धा बाजार रांगेत. आबांनी पैसे भरले. कॅशियरने शिक्का मारला. मॅनेजर स्वतः बाहेर आले, खातं निल झालेलं बघून खूश झाले आणि म्हणाले, "वा आबा, आला वाटतं इंदूरवाल्याचा पैसा?"

मी उत्तराची तयारी करून ठेवली होती. पुण्याची बँक, कार्ड, व्याज, सगळं. आबांनी मला बोलूच दिलं नाही.

"नही साहेब. मनी आंडेरनी दिना."

मी बघतच राहिले. आत्ताच पथारीवर घासाघीस केलेला माणूस हा. मॅनेजरना नीट ऐकू आलं नसेल असं वाटून, की मागच्या रांगेसाठी, कोण जाणे, आबांनी तेच पुन्हा खणखणीत सांगितलं, "मनी आंडेर पुनाले ऱ्हास. तिनी दिना बठ्ठा पैसा." रांगेतली माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही.

पुण्यात आता माझा स्वतःचा फ्लॅट आहे, दारावर पाटी आहे. तरी कुणी घर कुठलं म्हणून विचारलं की मी दोंडाईचा सांगते. कितीतरी वर्षं तिथे पाहुणी होते, पिशव्या भरून घेऊन परतणारी. आता नाही. त्या पथारीत माझाही हातभार आहे, आणि हे आबांनी भर बँकेत, सगळ्या बाजाराच्या तोंडावर सांगितलं आहे.