तांडेलच्या मागून

तांडेल कधी कुणाच्या मागून चालला नाही. शाळेच्या रांगेत, लग्नाच्या वरातीत, अगदी मयताला जातानासुद्धा तो चार पावलं पुढेच. बाप मच्छीमार होडीवरचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा मुख्य माणूस. पोराने होडी घेतली नाही, ऐट तेवढी उचलली, म्हणून गावाने नावही तेच ठेवलं. मी शाळामास्तरांची मुलगी, म्हणून त्याच्या तोंडी कायमची मास्तरीण. आम्ही दोघं बालवाडीपासूनचे मित्र, पण खऱ्या नावाने एकमेकांना हाक मारल्याचं मला आठवत नाही.

आमची घरं खाडीच्या अलीकडे, शाळा पलीकडे. ओहोटी लागली की चिखलातून वाट उघडी पडायची, आणि ती वाट दर भरतीला जागा बदलायची. काठीने चाचपत तांडेल पुढे आणि त्याच्या पावलांवर पाय टाकत मी मागे. "चिखल आधी माज्या पायाला लागू दे. मी गेलो खाली तर तू बोंबल," हे त्याचं ठरलेलं वाक्य. एकदा मी हट्टाने पुढे घुसले आणि मांडीपर्यंत रुतले. त्याने मला ओढून काढलं. माझी एक चप्पल खाडीने ठेवून घेतली ती घेतलीच. घरी येऊन त्याने सांगितलं, "मीच ढकललं तिला." त्याबद्दल बापाचा मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी घेऊन दारात हजर.

लग्नानंतर मी कतारला आले. नवरा मेसईदच्या एका कारखान्यात इंजिनियर, राहायला कंपनीची कॉलनी. पुढे वर्ल्ड कपची स्टेडियमं उभी राहायला लागली आणि परांची बांधायच्या कामावर तांडेलही आला. तो राहायचा दोह्याबाहेर कामगारांच्या कॅम्पात. पहिल्या शुक्रवारच्या सुट्टीला आम्ही सगळे दोह्यातल्या सूक वाकिफ या जुन्या बाजारात भेटलो. मसाल्यांच्या गल्लीतून हा छाती काढून पुढे, आम्ही मुलांना सांभाळत मागे. "यल्ला मास्तरीण, पाय उचल. इथं चिखल नाय."

"हा इथे पहिल्यांदाच आलाय ना?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"हो."

"मग वाट कुणाला दाखवतोय?"

मी इतकी हसले, की मिरच्यांच्या दुकानातला माणूस बघायला लागला. परमुलखात मला पहिल्यांदा माहेर भेटलं होतं.

मग तो शुक्रवार आला. नवरा ड्यूटीवर होता. लेकीला मॉलमधलं आइस्क्रीम हवं होतं, म्हणून मी दोन्ही मुलांना घेऊन दोह्याला गेले. तांडेल इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून वाट बघत होता. मॉलच्या दारात गार्डने हात आडवा केला. आपल्याकडचाच कोवळा पोरगा होता तो. "भाईसाब, आज फॅमिली डे है. बॅचलर अलाउड नहीं."

"बॅचलर?" तांडेल माझ्याकडे वळून हसला. "माज्या निकाहाला सगळा गाव जेवला होता गं." पण बायको गावी ठेवून आलेला मजूर तिथे बॅचलरच.

तेवढ्यात आमच्या शेजारून एक गोरा साहेब अर्ध्या चड्डीत, एकटाच आत गेला. त्याला कुणी बायको कुठे म्हणून विचारलं नाही. मी म्हटलं, "मेरा भाई है." गार्डने आमची कार्डं मागितली, दोन्हीवरची दोन वेगळ्या धर्मांची नावं वाचली आणि कार्डं परत दिली. नवरा सोबत नसताना मित्र म्हणून सांगावं, तर तशी सोयही तिथे नव्हती. मागे रांग लागली. लेक रडायला लागली. मी परत फिरायला निघाले, तर तांडेलने माझ्या खांद्यावरची पिशवी घेतली, धाकट्याची बाबागाडी धरली आणि गार्डला म्हणाला, "मॅडम का ड्रायव्हर हूं."

आम्हाला आत सोडलं.

आत गेल्यावर मी म्हटलं, "झालं ना आता? ये पुढे." तो आला नाही. "कॅमेरे हायत. तुझ्यावर काय यायला नको." मी थांबले की तो थांबायचा, मी हळू चालले की तो त्याहून हळू. आइस्क्रीमच्या टेबलावर बसला नाही, खांबापाशी बाबागाडी धरून उभा राहिला. निघताना लेकीने मोठ्याने विचारलं, "आई, व्हाय इज मामा वॉकिंग बिहाइंड अस?" त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण एवढं कळलं असावं. तो धाकट्याचं टोपडं नीट करत राहिला.

त्यानंतर त्याचे शुक्रवार ओव्हरटाइमला जायला लागले. फोन केला की "पुढच्या वेळी, इन्शाल्ला." मी मेसईदला यायचं आमंत्रण दिलं, तर म्हणाला, "तुमच्या गेटावर काय सांगू? माळी?" भांडण असतं तर मी ते मिटवलं असतं. आमच्यात भांडण नव्हतंच. मॅचेस सुरू व्हायच्या आधी त्याच्या कंपनीने माणसं घरी पाठवली. विमानतळावरून त्याने फोन केला. "काम झालं की पहिली परांची उतरवतात, मास्तरीण. मग परांचीवाले." आम्ही स्टेडियममध्ये जाऊन मॅच बघितली. कोण जिंकलं ते मला आठवत नाही, मी सगळा वेळ वर छताकडे बघत होते.

पुढच्या सुट्टीत गावी गेले. तांडेल आता गावातच मिळेल ते काम करतो. लेकीला माझी जुनी वाट बघायची होती. मी त्याला निरोप धाडला, आणि ओहोटीला तो काठी घेऊन आला. मला फार बरं वाटलं. चिखलाच्या कडेला आलो तेव्हा त्याने लेकीला खांद्यावर घेतलं आणि काठी माझ्या हातात दिली.

"हो पुढे," तो म्हणाला.

"अरे, मला कुठे वाट ठाऊक आहे?"

"जमेल. मी हाय मागं."

मी काठी टेकवत निघाले. आयुष्यभर मी त्याच्या पावलांखेरीज तिथलं काही पाहिलंच नव्हतं. मागून त्याची पावलं येत होती. मी थांबले की ती थांबत होती.