सतरावर ठेवलेले पाच डॉलर

परवा लेकीने रिकाम्या परातीत गोटी गरगर फिरवली आणि म्हणाली, "मम, लिसन!" तो आवाज ऐकताच मी गोटी उचलून घेतली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही परदेशात, रिकार्टनला नवे होतो आणि रेसिडेन्सीचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज अडकून पडला होता. एका रविवारी दुपारी मंदार, माझा नवरा, म्हणाला, "चल, गंमत म्हणून रुलेट खेळून येऊ. चाळीस डॉलर. सिनेमाला गेलो असं समजायचं."

मी फार्मसिस्ट, आकड्यांत पक्की. बसमध्ये मीच त्याला समजावलं, "चाकावर सदतीस घरं असतात, पैसे देतात छत्तीसच्या हिशेबाने. खेळत राहिलं की हरायचंच."

कॅसिनोत जाड गालिचा होता, खिडकी एकही नव्हती. पस्तीस डॉलर हसत हसत गेले. उरलेले पाच मी सतरावर ठेवले. गोटी फिरू लागली, तिचा वेग मंदावला, आणि माझे ओठ आपोआप हलले. महादेवा, सतरा येऊ दे, सोळा सोमवार करीन.

सतराच आला.

मंदार टाळ्या पिटत होता. शेजारचा गोरा म्हणाला, "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इथलं 'झकास'. मला मात्र दरदरून घाम फुटला. सगळं गणित ठाऊक असताना माझ्या तोंडून हे कोण बोललं? मंदारला मी अक्षरशः ओढत बाहेर आणलं.

सोळा सोमवार मी केले. "रेसिडेन्सीसाठी करतेय हो," मंदार कौतुकाने सगळ्यांना सांगायचा. अजूनही सांगतो.

रेसिडेन्सीसाठी नवस बोलावा, हे मला सुचलंही नव्हतं.