हातचा कुणी घेतला?

चार मित्र जमले की मला मुलांच्या चुका आठवतात. बरोबर आलेलं एकही गणित लक्षात नाही. चुकलेली मात्र अजून तोंडपाठ! एक सांगायला घेतली की मागून दोन धावत येतात.

निजामाच्या अमलात मी केजला एका वकिलांच्या घरी शिकवायला जायचो. सरकारी शाळा उर्दूतली. म्हणून वकिलांनी विष्णू, सखू आणि चंद्री या आपल्या तिन्ही लेकरांना घरीच मराठीतून शिकवायचं ठरवलं. शेजारच्या फळवाल्यांची रबियाही येऊन बसायची. चौघंही हुशार. पण गणितात अशा काही चुका करायची की मला पहिल्याच आठवड्यात संशय आला, हे मुद्दाम चाललंय!

*

एकदा चौघांच्याही पाटीवर सात आठे चोपन्न! कॉपी, दुसरं काय? मी चौघांना चार कोपऱ्यांत, भिंतीकडं तोंड करून बसवलं. पुन्हा चोपन्न! मी आवाज चढवला तसे वकील बाहेर आले.

"काहून रागावता मास्तर? सकाळीच पाठ करून घेतलंय मी. सात आठे चोपन्न!"

*

विष्णूचा एक आणि नऊ अगदी सारखा.

"हा एक हाय का नऊ?" मी विचारलं.

त्यानं पाटीकडं पाहिलं. मग माझ्याकडं लई संशयानं पाहिलं.

"तुमाला कोणता पायजे?"

*

"टोपलीत वीस पेरू. पाच विकले. राहिले किती?"

"चौदा," रबिया म्हणाली.

पोरगी थट्टा करतेय असं वाटून मी डोळे वटारले. "एक कुठं गेला?"

"नासका निघाला. दर टोपलीत निघतोच की!"

*

सखू बेरजेत हातचा कायम विसरायची. एक दिवस मी ओरडलोच, "सखू, हातचा कुठं गेला?"

"मी न्हाई घेतला!" म्हणून तिनं भोकाड पसरलं.

आतून तिची आई पदर खोचून आली. "मास्तर, माझ्या लेकीवर चोरीचा आळ? काय गेलं तुमचं?"

"हातचा गेलाय, बाई."

"हातातली अंगठी व्हय?"

अर्धा तास सगळं घर माझी अंगठी शोधत होतं. मी जन्मात अंगठी घातली नव्हती!

त्या दिवसापासून मी ओरडणं सोडलं. नियम एकच केला. प्रत्येक उत्तर दोनदा तपासायचं, आणि चूक दिसली की बोलायचं. मग ती मास्तरची का असेना! हळूहळू चुका कमी झाल्या.

*

आणि मग एक सरकारी जमादार दारात उभा राहिला. त्याला कुणीतरी खबर दिली होती.

"तीनच्या वर पोरं म्हणजे शाळा. इजाजत कुठाय? उद्या तपासायला साहेब येतील."

इजाजत नव्हती. वर्ग बंद झाला तर पोरींना दुसरी जागा नव्हती. वकील मला बाजूला घेऊन म्हणाले, "रबियाला उद्या येऊ नको म्हणावं का?" माझ्याच्यानं ते सांगवलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तीच येऊन बसली.

जमादाराला घेऊन साहेब आले. बोलणं कमी, नजर मात्र सगळीकडं फिरत होती. त्यांनी रबियाला एक भागाकार घातला. तिनं सोडवला, दोनदा तपासला, मग पाटी पुढं केली. साहेबांनी मान हलवली नाही. बोट दाखवत मुलं मोजली. "एक, दो, तीन, चार." जमादार माझ्याकडं बघून हसला. साहेबांनी वही उघडून लिहिलं.

रबियाला उर्दू वाचता येत होतं. ती वाकून बघायला लागली. मी खूण करेपर्यंत बोललीसुद्धा.

"साहेब, चुकलं. तुमी तीन लिवलंय. आमी चार हाव!"

 वकिलांनी डोळे मिटले.

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. "फिर से गिनूँ?"

"गिना की."

ते उठले. विष्णूच्या डोक्यावर हात ठेवला, "एक." सखूच्या, "दो." चंद्रीच्या, "तीन."

मग रबियाच्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ थांबले.

"तीन," म्हणाले, आणि वही मिटून चालू लागले.