खंडेनवमीला पुजलेली काच

झेंडूचा वास आला की मला माकणीच्या आमच्या घरातली ती खंडेनवमी आठवते. तेव्हा मी पुण्यात पोकळ ऑप्टिकल फायबर बनवायच्या कामाला नुकताच लागलो होतो. केसासारख्या बारीक काचेच्या नळ्या रचून बोटाएवढी कांडी करायची, आणि ती भट्टीत तापवून तिची लांबच लांब तार ओढायची, असं ते काम. सगळ्यांनी खपून जमवलेली एकुलती एक कांडी सुट्टीनंतर ओढायची होती, आणि मी शहाणा ती घरी मिरवायला घेऊन आलो. दोन्ही टोकांची टोपणं काढून वडिलांना आतली नळ्यांची जाळी दाखवली आणि तशीच ठेवून आंघोळीला गेलो. परत येतो तर विळे-खुरप्यांच्या रांगेत, हळदीच्या पाण्याच्या वाटीत माझी कांडी उभी. आई म्हणाली, "तुझं बी हत्यारच की रं." पिवळं पाणी आपसूक नळ्यांतून वर चढत होतं. "आई, उजेड आतल्या हवेतनं जातो, ती कोरडीच लागती. आता वाळली तरी हळद आत राहणार." वडिलांनी कांडी उचलून तोंडाला लावली आणि जोरात फुंकली, पाण्याच्या जोडीला थुंकीही गेली. "लई बारीक हाय," ते म्हणाले, "सायकलचा पंप आणू का?" मी हळदकुंकवाला हात जोडले. ती कांडी अजून दरवर्षी पूजेत असते. ओवाळून झालं की वडील म्हणतात, "घरात ह्या एकाच हत्यारानं कधी काम केलं न्हाय." ते कांडीबद्दलच बोलतात, असं मी धरून चालतो.