दुसऱ्याच्या पेपरवर स्वतःचा नंबर

सकाळी नऊ वाजून बावन्न मिनिटांनी, तळमजल्यावरच्या चौदा नंबरच्या खोलीत, रुपाली खंदारे उत्तरपत्रिकेचं पहिलं पान भरत होती. केंद्र, दिनांक, राज्यशास्त्र, तृतीय वर्ष. परीक्षा तिची नव्हती. ज्याची होती तो आमोद शेजारच्या खुर्चीत बसून आपल्या पांढऱ्या काठीची घडी घालत होता. आमोदला जन्मापासून दिसत नाही. तो उत्तरं सांगतो, रुपाली लिहिते. अशा लिहिणाऱ्याला परीक्षा विभाग लेखनिक म्हणतो, आणि या कॉलेजात त्याला पेपरमागे मानधन मिळतं.

लेखनिकाचा विषय वेगळा हवा आणि शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक वर्ष तरी कमी हवं, असा इथला नियम आहे. रुपाली अर्थशास्त्र घेऊन बी.ए.चं दुसरं वर्ष पास झालेली आहे. नियमात चपखल बसते. तेरा महिने झाले, ती तिथेच बसून आहे.

पुसद तालुक्यातल्या गावातून ती पुण्यात आली तेव्हा सगळं नीट जुळलं होतं. फी शिष्यवृत्तीतून जायची आणि मेसचे पैसे ‘कमवा आणि शिका’मधून सुटायचे. सकाळी सहा ते नऊ कॉलेजच्या रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या, रोपांना पाणी द्यायचं, हात धुऊन सव्वानऊला वर्गात. मागणी आणि पुरवठ्याच्या आकृत्या तिने दोन वर्षं नखांत माती घेऊन काढल्या. तिसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाला तिने वडिलांच्या उत्पन्नाचा आदल्या वर्षीचा दाखला जोडला. चालेल असं तिला वाटलं. तो चालला नाही, आणि हे कळलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. शिष्यवृत्ती नाही म्हणून प्रवेश नाही. प्रवेश नाही म्हणून रोपवाटिकाही नाही, कारण ती योजना शिकणाऱ्यांसाठीच असते.

वसतिगृह सोडून ती हडपसरजवळच्या मांजरी गावात मावशीकडे राहायला गेली. शैक्षणिक कर्ज मिळेल का हे विचारायला एका बँकेत जाऊन आली. साहेब सभ्य होते, चहाही विचारला. मग म्हणाले, “बी.ए. करून हप्ता कशातून फेडणार?” परतताना बसमध्ये तीन उत्तरं सुचली.

आता दुपारी तीन ते रात्री दहा ती हडपसरच्या एका बेकरीत खारी-टोस्टची पाकिटं भरते. तो पगार मावशीकडे आणि गावी जातो. लेखनिकीच्या पैशाला मात्र ती हात लावत नाही. जूनमध्ये तिसऱ्या वर्षाचा प्रवेश घ्यायचा तर पहिला हप्ता त्यातूनच भरायचा आहे. या उन्हाळी सत्रात तिच्या नावावर अकरा पेपर आहेत. अकराही झाले तर हप्ता बरोबर भरतो. दहा झाले तर भरत नाही. आजचा सातवा.

“लेखनिकबाई, पेन कुठलं आणलंय?” आमोदने विचारलं.

“का रे?”

“परवाचं कुरकुरत होतं. माझे विचार मुळात रखडत चालतात, त्यात पेनचीही साथ नको.”

“नवीन आहे. जेलपेन.”

“वा. म्हणजे आज पाचेक मार्क अक्षराचेच.”

तिने हसत आसन क्रमांकाच्या चौकटी भरल्या आणि खालची वर्तुळं रंगवली. हात सरसर चालला.

पर्यवेक्षक दांडेकर सर जवळ आले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले हे गृहस्थ सही करण्यापूर्वी प्रत्येक आकडा मोठ्याने वाचतात, मग मागे कितीही रांग असो. इथे रांग नव्हती. “चार, सात, एक, नऊ...” ते थांबले. आमोदचं प्रवेशपत्र उचलून पुन्हा पाहिलं. “हा नंबर कुणाचा?”

रुपालीने खाली पाहिलं. नंबर तिचा होता. दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या परीक्षेचा. एकही आकडा चुकलेला नव्हता.

“माझा आहे, सर.”

“आपण परीक्षेला बसला आहात का?”

“नाही, सर.”

“मग आपला नंबर इथे काय फिरायला आला होता?”

तिने पेन खाली ठेवलं. गेल्या सत्रात एक लेखनिक वीस मिनिटं उशिरा आला, तर त्याचे पुढचे सगळे पेपर काढून घेतले होते. ते तिला ठाऊक होतं, कारण त्यातलेच दोन तिच्याकडे आले होते.

“सर,” आमोद म्हणाला, “नंबर चुकलाय, उत्तर अजून एकही चुकलेलं नाही. ते काम माझं आहे. ते मला करू द्या.”

“तुम्ही गप्प बसा. तुमची वेळ अजून सुरू झालेली नाही.”

सरांनी कपाटातून दुसरी उत्तरपत्रिका आणली. पहिलीवर लाल पेनने तिरकी रेघ ओढून ‘रद्द’ असं लिहिलं आणि ती आपल्या टेबलावर ठेवली. मग एक फॉर्म काढला. दोन प्रती, मध्ये कार्बन. ‘कारण’ या रकान्याशी ते अडले.

“काय लिहू?”

“सवय, सर.”

“कसली सवय? शेवटचा पेपर कधी दिलात?”

“गेल्या वर्षी मार्चमध्ये.”

दांडेकर सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. रकान्यात त्यांनी ‘अनवधानाने’ असं लिहिलं. “पहिल्या वेळेला नुसती नोंद होते,” ते म्हणाले. “दुसऱ्यांदा झालं तर यादीतून नाव जातं. मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही.”

“हो, सर.”

नवा नंबर तिने प्रवेशपत्र समोर ठेवून एकेक आकडा पाहत लिहिला. दहाची घंटा होऊन सहा मिनिटं गेली होती. अडीच तासांचा पेपर, तासाला वीस मिनिटं जादा, शिवाय वाया गेलेली सहा. सरांनी खडूने फळ्यावर लिहिलं: संपण्याची वेळ १.२६.

“सर, फळ्यावर कुणासाठी लिहिताय?” खडूचा आवाज ऐकून आमोदने विचारलं.

“नियमासाठी.”

रुपालीने प्रश्नपत्रिका वाचायला घेतली. पहिला प्रश्न, त्याचे पर्याय, मग दुसरा. सगळं मोठ्याने, सावकाश. आमोद डोकं किंचित कलतं करून ऐकत होता. तिसऱ्या प्रश्नावर म्हणाला, “हा सोडू. चौथा घे.” तिने चौथा घेतला.

लिहिण्याचा तिला कंटाळा नाही. मनगट दुखतं, तेही चालतं. तिला आठवतं ते वेगळंच: घंटेआधी पालथ्या प्रश्नपत्रिकेवर हात ठेवून बसणं, पेपरची भीती, एखादा प्रश्न अजिबात येत नाही हे कळल्यावर तोच सोडून द्यायचा हक्क. इथे सोडायचं काय ते आमोद ठरवतो, आणि ते योग्यच आहे. भीतीही त्याचीच असते. तिच्या वाट्याला फक्त स्वल्पविराम येतात, तेही तो सांगेल तिथे.

प्रत्येक पान उलटताना तिची नजर टेबलाकडे जात होती. रद्द झालेली उत्तरपत्रिका तिथे उताणी पडली होती. वर तिचा नंबर, आत बत्तीस कोरी पानं.

“थांबलीस?” आमोद म्हणाला.

“नाही. सांग.”

एक वाजून चोवीस मिनिटांनी त्याने “पूर्णविराम, संपलं” म्हटलं. सरांनी उत्तरपत्रिका घेतली, नंबर पुन्हा मोठ्याने वाचला, सही केली. मग रद्द झालेली वेगळ्या पाकिटात घातली.

“सर, ती मला...”

“मिळणार नाही. रद्द पानंसुद्धा मोजून द्यावी लागतात.”

“माहीत आहे, सर. नुसतं विचारलं.”

सरांनी पाकिटाला टाचणी मारली. “जूनमध्ये प्रवेश सुरू होतील,” पाकिटाकडेच बघत ते म्हणाले. “अर्ज करताना दाखला ताजा जोडा.”

ही गोष्ट त्यांना कशी ठाऊक, हे तिने विचारलं नाही. कॉलेज लहान आहे.

फाटकापर्यंत आमोद तिच्या कोपराला धरून चालला. बसथांब्याशी तो म्हणाला, “ती रद्द झालेली तुला दिली असती, वर एखादा अर्थशास्त्राचा पेपर, तर पहिलं काय लिहिलं असतंस?”

तिने जरा विचार केला.

“लिहिलं नसतं. आधी प्रश्न वाचला असता. मनातल्या मनात.”

आमोदने काठीची घडी उलगडली. त्याची बस आधी आली. तिने मग स्वारगेटची घेतली. तिथून हडपसर, आणि तीन वाजता खारीची पाकिटं.

सूचनाफलकावर उद्याची यादी लागली आहे. खोली क्रमांक चौदा, राज्यशास्त्र, तृतीय वर्ष. लेखनिकाच्या रकान्यात रुपाली खंदारे हेच नाव आहे. पेपर दहा वाजता, लेखनिकांची हजेरी साडेनऊला.